सरकीतला रेणू आणि त्याचे दोन हात

सरकीचा दाणा धारदार पात्याने आडवा कापला की आतल्या पिवळसर गरात टाचणीच्या टोकाएवढे काळपट ठिपके दिसतात. या ठिपक्यांसारख्या ग्रंथी पऱ्हाटीच्या पानांत, बोंडांत आणि खोडाच्या सालीतही असतात. त्यांत साठलेल्या पिवळ्या द्रव्याला गॉसिपॉल म्हणतात. घाण्यातून निघालेले कच्चे सरकी तेल काळसर लाल दिसते ते मुख्यतः याच्यामुळे, आणि कोंबड्यांना व लहान वासरांना सरकीची ढेप बाधते तीही याच्यामुळे. या द्रव्याचा रेणू दोन रूपांत असतो. माणसाचा डावा आणि उजवा हात जसे एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे असतात, तशी ही दोन रूपे आहेत. त्यांतले एक विषारी आणि दुसरे बरेचसे निरुपद्रवी आहे. एकाच हाताचे रेणू घडवण्याच्या विद्येला रसायनशास्त्रात असममित संश्लेषण म्हणतात. वऱ्हाडच्या कापूस बाजाराचा आणि या विद्येचा इतिहास सरकीच्या दाण्यात एकत्र येतो.

वऱ्हाडच्या या कापूस मुलखातल्या अकोल्याचे जुने शहर मोर्णा नदीच्या पश्चिम काठावर आहे. औरंगजेबाच्या काळात, १६९७ च्या सुमारास, असदखानाने तिथल्या गढीची डागडुजी करून तटबंदी उभारली आणि किल्ल्याला असदगड हे नाव मिळाले. दहीहंडा वेस आणि आगर वेस ही नावे त्या तटाची आठवण आजही टिकवून आहेत. राजराजेश्वराचे मंदिर याच जुन्या शहरात आहे, आणि श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी पूर्णा नदीचे पाणी घेऊन येणाऱ्या कावडी तिथेच पोहोचतात. नदीच्या पूर्वेला ताजनापेठ. इंग्रजी अमलात कचेऱ्या आणि साहेबांचे बंगले त्या बाजूला उभे राहिले आणि शहर हळूहळू नदी ओलांडून वाढले.

कापूस या मुलखात इंग्रजांच्या कितीतरी आधीपासून होता. रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून सुमारे ५०० मैलांवरच्या मिर्झापूरला, गंगेच्या काठी जात असे. मुंबईच्या दिशेने मोठ्या प्रमाणावर माल पाठवण्याची सुरुवात हैदराबादच्या विकाजी आणि पेस्तनजी या पारशी सावकारांनी १८२५-२६ मध्ये केली. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या वर्षांत लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाला एकाएकी भाव आला. १८६७ पर्यंत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग भुसावळ, अकोला, बडनेरा असा नागपूरपर्यंत पोहोचला. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावचा फाटा सुरू झाला. १८८६ मध्ये कारंज्याचा कापूस बाजार सरकारी नियमाखाली आला. असा तो देशातला पहिला बाजार मानला जातो. पुढे १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने हीच पद्धत प्रांतभर लागू झाली.

या साऱ्या हकिकतीत रुईचा हिशेब पै-पैचा सापडतो, सरकीचा फारसा सापडत नाही. वास्तविक शंभर किलो कापसातून रुई निघते तेहतीस ते छत्तीस किलो आणि उरलेली जवळजवळ सगळी सरकी. म्हणजे वजनाने पाहिले तर शेतकरी मुख्यतः सरकीच पिकवतो. कापसातून सरकी घरोघर हातचरकीवर काढली जात होती तोवर ती गावातच राहायची. थोडी बियाण्याला जायची आणि बाकीची भिजवून किंवा शिजवून बैलांच्या आणि दुभत्या जनावरांच्या गव्हाणीत पडायची. तेलासाठी तिला फारसे कोणी विचारत नसे. वऱ्हाडच्या स्वयंपाकघरात तेल होते जवसाचे, तिळाचे, करडईचे. सरकीत तेल जेमतेम सोळा ते वीस टक्के, शिवाय दाण्यावर रुईची लव चिकटलेली. ती लव तेल शोषून घेते, त्यामुळे लाकडी घाण्यावर तेल्याला तिच्यातून काही सुटत नसे.

वाफेवर चालणाऱ्या जिनिंगने हे चित्र बदलले. आता कापूस गाड्या भरून शहरात येऊ लागला, रुईच्या गाठी बांधून मुंबईला रवाना होऊ लागल्या आणि जिनच्या आवारात सरकीचे ढीग साचू लागले. गावागावांत विखुरलेली वस्तू एका जागी गोळा झाली, आणि माल एका जागी गोळा झाला की त्याचा धंदा उभा राहतो. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानची सरकी जहाजांनी इंग्लंडच्या तेलगिरण्यांकडे जाऊ लागली. नंतर देशातच यंत्रावरच्या गिरण्या आल्या, आणि त्यांच्यामागोमाग तेल व ढेप या दोन्ही मालांची बाजारपेठ. अकोल्याची ओळख आजही कापूस, डाळ आणि तेल या तीन धंद्यांनी होते.

तेल काढले, पण ते खाण्याजोगे करणे हे वेगळे काम होते. कच्चे सरकी तेल गडद असते आणि त्याला उग्र वास येतो. कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणाने ते धुतले की गॉसिपॉल साबणासारख्या गाळात उतरतो आणि तेल फिकट पिवळे होते. यामागचे कारण सरळ आहे. गॉसिपॉलमध्ये फिनॉलचे गट असतात, ते आम्लधर्मी असल्याने अल्कलीला धरतात. वास घालवण्याची रीत अमेरिकेत डेव्हिड वेसन यांनी १८९९ च्या सुमारास बसवली. १९११ मध्ये तिथे सरकी तेलात हायड्रोजन सोडून गोठवलेले क्रिस्को बाजारात आले. आपल्याकडचे वनस्पती तूप त्याच घराण्यातले. तेल असे शुद्ध झाले तरी ढेपेचा प्रश्न राहिला, कारण ढेपेला सोड्याने धुता येत नाही.

ढेप मोठ्या जनावराला चालते, लहानाला चालत नाही. बैल, गाय आणि म्हैस रवंथ करतात. त्यांच्या पहिल्या पोटातले सूक्ष्मजीव आणि तिथली प्रथिने गॉसिपॉलला जखडून टाकतात, त्यामुळे फारच थोडे विष रक्तात पोहोचते. वासराचे हे पोट अजून तयार झालेले नसते. डुकराला आणि कोंबडीला ते नसतेच. म्हणून त्यांना ढेप जास्त झाली तर वाढ खुंटते, हृदय कमजोर होते, दम लागतो. कोंबडीच्या अंड्यातला बलक साठवणीत हिरवट पडतो. घाण्यात उष्णता दिली की बराचसा गॉसिपॉल प्रथिनांतल्या लायसिनशी बांधला जातो आणि त्याचे विष कमी होते, पण त्याबरोबर लायसिनही वाया जाते. म्हणजे विष घालवण्यासाठी पोषणातला काही भाग द्यावा लागतो. सरकीच्या धंद्यातली ही अडचण दीडशे वर्षे फारशी हललेली नाही.

गॉसिपॉलचा रासायनिक शोध १८८६ मध्ये सुरू झाला. इंग्लंडमध्ये लाँगमोर यांनी सरकी तेल शुद्ध करताना उरणाऱ्या गाळातून एक पिवळा पदार्थ वेगळा केला. तो कापसाला लागणारा रंग ठरेल अशी आशा होती, ती फळाला आली नाही. १८९९ मध्ये पोलिश रसायनशास्त्रज्ञ लिऑन मार्खलेव्हस्की यांनी तो अॅसेटिक आम्लातून स्फटिकरूपात मिळवला. कापसाच्या लॅटिन नावातले गॉसिपियम आणि फिनॉल यांच्या जोडणीतून त्यांनी त्याला गॉसिपॉल हे नाव दिले. सरकीच्या पेंडीतले विष तेच आहे हे अमेरिकेत विदर्स आणि कॅरुथ यांनी १९१५ मध्ये दाखवले. १९२० च्या दशकात अमेरिकी कृषी खात्यातल्या क्लार्क यांनी रेणूतल्या अणूंची मोजदाद पक्की केली: ३० कार्बन, ३० हायड्रोजन, ८ ऑक्सिजन.

हे अणू कसे मांडलेले आहेत हे मात्र रॉजर अॅडम्स यांनी सोडवले. इलिनॉय विद्यापीठातले अॅडम्स म्हणजे त्या पिढीतल्या अमेरिकी सेंद्रिय रसायनाचा आधारस्तंभ. प्लॅटिनम ऑक्साइडचा उत्प्रेरक त्यांच्याच नावाने ओळखला जातो, आणि महारोगावर वापरल्या जाणाऱ्या चौलमुग्रा तेलाच्या आम्लांवरही त्यांनी काम केले होते. १९३८ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी एकामागून एक निबंध लिहून गॉसिपॉलची रचना मांडली. सारख्याच दोन अर्ध्या भागांचा हा रेणू. प्रत्येक अर्धा भाग दोन चिकटलेल्या वलयांचा, त्यावर एक अल्डिहाइड, तीन हायड्रॉक्सिल, एक मिथिल आणि एक आयसोप्रोपिल गट. हे दोन भाग एकाच बंधाने जोडलेले. १९५८ मध्ये एडवर्ड्स यांनी प्रयोगशाळेत गॉसिपॉल बनवून ही रचना खरी ठरवली.

तो एक बंध हाच या गोष्टीतला कळीचा भाग आहे. सामान्यतः एकेरी बंधाभोवती रेणूचे भाग मोकळेपणाने फिरतात. गॉसिपॉलमध्ये बंधाच्या दोन्ही बाजूंना गटांची इतकी दाटी आहे की एक अर्धा भाग दुसऱ्याला ओलांडून फिरूच शकत नाही. एकाच खुंटीवर समोरासमोर बसवलेले दोन पाट कल्पावेत. प्रत्येकाच्या कोपऱ्यांवर मोठे खिळे बाहेर आलेले आहेत. पाट थोडे तिरके होऊ शकतात, पूर्ण गोल फिरू शकत नाहीत, कारण खिळे एकमेकांना अडतात. मग एकमेकांच्या संदर्भात पाट डावीकडे कललेले राहतील किंवा उजवीकडे. डावा कल उजव्यात बदलणार नाही, आणि या दोन मांडण्या एकमेकींवर ठेवल्या तर तंतोतंत बसणारही नाहीत. उजव्या पायातली वहाण डाव्या पायात बसत नाही, तसेच.

रेणूंना हात असतात हे लुई पाश्चरने १८४८ मध्ये टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक चिमट्याने वेचून दाखवले होते. त्याचे कारण १८७४ मध्ये व्हान्ट हॉफ आणि ल बेल यांनी स्वतंत्रपणे सांगितले: कार्बनच्या चार बंधांवर चार वेगवेगळे गट असले की दोन मांडण्या शक्य होतात. गॉसिपॉलमध्ये असा एकही कार्बन नाही. अडलेल्या बंधातूनही हात निर्माण होऊ शकतात हे १९२२ मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्डमध्ये क्रिस्टी आणि केनर यांनी सिद्ध केले. रॉजर अॅडम्स यांनी १९२० आणि १९३० च्या दशकांत नेमक्या याच अडलेल्या बंधांवर कितीतरी संयुगे बनवून मोजमापे घेतली होती. कुठला गट किती जागा अडवतो आणि कुठल्या गटांपुढे बंध थांबतो याचे कोष्टकच त्यांच्याकडे तयार होते. त्यांच्या संशोधनाच्या दोन वेगळ्या वाटा, नैसर्गिक पदार्थांची रचना आणि अडलेले बंध, सरकीतल्या या रेणूत एकत्र आल्या.

असे असूनही गॉसिपॉलचे दोन हात बराच काळ नजरेआड राहिले. त्याचे एक कारण मार्खलेव्हस्कींच्या स्फटिकात दडलेले होते. अॅसेटिक आम्लातून गॉसिपॉल जेव्हा स्फटिक होतो तेव्हा डावे आणि उजवे रेणू अगदी सारख्या संख्येने एकत्र बसतात. एका हाताच्या रेणूंमधून जाताना प्रकाशाचे प्रतल एका बाजूला फिरते आणि दुसऱ्या हाताच्या रेणूंमधून जाताना तितकेच उलट. दोन्ही सारखे असले की बेरीज शून्य येते. शुद्धीकरणाची सर्वांत सोयीची रीतच जास्तीच्या हाताला द्रावणात मागे ठेवत होती, आणि हाती येणारा स्फटिक प्रकाशाला फिरवतच नव्हता.

पहिला एकहाती गॉसिपॉल सरकीतून मिळाला नाही. तो मिळाला किनाऱ्यावरच्या भेंडाच्या झाडातून. पारोसा पिंपळ म्हणूनही ओळखले जाणारे हे झाड कापसाच्याच कुळातले. १९६० च्या दशकात त्याच्यातून उजवीकडे प्रकाश फिरवणारा गॉसिपॉल मिळाला. इंग्लंड आणि श्रीलंकेतल्या किंग व डी सिल्व्हा यांनी तो ओळखला, आणि दिल्ली विद्यापीठात टी. आर. शेषाद्री यांच्या गटानेही त्यावर काम केले. आता प्रश्न उलटा झाला. भेंड एकच हात बनवते, मग कापूस दोन्ही का बनवतो?

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहिला नाही, त्याला चीनमधली घटना कारण ठरली. १९५० च्या दशकात चीनच्या काही खेड्यांत कच्च्या सरकी तेलात स्वयंपाक होत असे, आणि तिथल्या कुटुंबांत मुले होत नव्हती. शोध घेता कारण गॉसिपॉल निघाले. १९७० च्या दशकात तिथे पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून त्याच्या चाचण्या झाल्या. आठ हजारांवर पुरुषांनी गोळ्या घेतल्या आणि परिणाम नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक दिसला. पण काहींच्या रक्तातले पोटॅशियम घसरून अंगात लुळेपणा आला आणि काहींची प्रजननक्षमता गोळ्या थांबवल्यावरही परतली नाही. १९८० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने या कामातून अंग काढून घेतले. त्याच दशकात स्टीफन मॅटलिन आणि इतरांनी फिनिलअॅलॅनिनसारख्या एकहाती अमिनो आम्लांच्या साहाय्याने दोन्ही हात वेगळे केले. अल्डिहाइड गटांवर ही अमिनो आम्ले चिकटवली की दोन हातांची संयुगे एकमेकांहून वेगळी वागू लागतात आणि स्तंभावर निरनिराळ्या वेळी उतरतात. मग प्राण्यांवर तपासले तेव्हा शुक्राणू रोखणारा आणि अधिक विषारी असा डावा, म्हणजे ऋण गॉसिपॉल ठरला. उजवा त्या बाबतीत जवळजवळ निष्क्रिय होता. पुढे कोंबड्यांच्या वाढीवरही डाव्याचाच वाईट परिणाम दिसला.

म्हणजे ढेपेचे विष हे निम्म्याहून कमी रेणूंचे काम होते. एकच हात मुद्दाम बनवता आला तर काय करता येईल, असा विचार आता सुरू झाला, आणि इथे अल्बर्ट मेयर्स यांचे काम येते.

अल्बर्ट आयर्विंग मेयर्स १९३२ मध्ये न्यूयॉर्कला जन्मले आणि १९५७ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात जॉन रिटर यांच्याकडे त्यांनी डॉक्टरेट घेतली. रिटर यांच्या नावाची एक अभिक्रिया आहे, तिच्यात नायट्रिल आणि आम्लाच्या मदतीने कार्बनला नायट्रोजन जोडला जातो. गुरूच्या या अभिक्रियेतून नायट्रोजन आणि ऑक्सिजन असलेली छोटी वलये मिळत होती. मेयर्स यांचे वेगळेपण असे की त्यांनी त्या वलयांकडे अंतिम पदार्थ म्हणून पाहिले नाही. ते त्यांना बांधकामातल्या परांचीसारखे वापरू लागले. वलय रेणूवर चढवायचे, त्याच्या आधाराने हवे ते जोडायचे, काम झाले की काढून घ्यायचे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस न्यू ऑर्लीन्समध्ये असताना त्यांनी या वलयांपासून अल्डिहाइड बनवण्याची रीत बसवली. डेट्रॉइटच्या वेन स्टेटमध्ये दोन वर्षे काढून १९७२ मध्ये ते कोलोराडो स्टेट विद्यापीठात आले आणि पुढची सुमारे तीस वर्षे तिथेच राहिले.

कोलोराडोत त्यांनी ऑक्झॅझोलिन हे पाच अणूंचे वलय हाती घेतले. ते एका कार्बोक्सिलिक आम्लापासून आणि अमिनो अल्कोहोलपासून बनते. अमिनो अल्कोहोल एकाच हाताचा घेतला तर सबंध वलय एकहाती होते आणि आपल्या शेजारी घडणाऱ्या अभिक्रियेला एक बाजू झाकून दाखवते. १९७४ च्या सुमारास मेयर्स यांनी यासाठी वापरलेला अमिनो अल्कोहोल क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाच्या कारखानदारीशी जोडलेला होता. त्या औषधाला एकाच हाताचा रेणू लागतो, त्यामुळे उलट्या हाताचा रेणू उरत असे. औषधाला नको असलेला तो हात मेयर्स यांच्या परांचीचा पाया झाला. उणे ७८ अंशांच्या खाली लिथियमच्या क्षारकाने ऑक्झॅझोलिनच्या शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन काढायचा, त्या जागी नवा गट आणायचा आणि शेवटी आम्लात उकळून परांची उतरवायची. हाती येणाऱ्या आम्लात एक हात दुसऱ्याहून स्पष्टपणे जास्त असायचा. त्या काळात हे मोठे यश होते. तोवर असममित संश्लेषण म्हणजे बहुतेक वेळा किरकोळ झुकाव मिळवणे असे मानले जाई.

१९७५ पासून त्यांनी हीच परांची बेंझीनच्या वलयावर चढवली. ऑक्झॅझोलिनच्या शेजारचा मिथॉक्सी गट काढून तिथे दुसरे वलय बसवता येते हे त्यांच्या ध्यानात आले, आणि दोन वलयांमधला अडलेला बंध हव्या हाताचा करण्याचे साधन त्यांना मिळाले. १९८७ मध्ये याच मार्गाने त्यांनी स्टेगानोन हे वनस्पतिजन्य द्रव्य एकाच हाताचे बनवले. याच काळात जपानमध्ये र्‍योजी नोयोरी अडलेल्याच बंधावर बेतलेल्या बायनॅप या उत्प्रेरकसाथीने मेंथॉल टनावारी बनवण्याची वाट मोकळी करत होते. २००१ चे नोबेल त्यांना नोल्स आणि शार्पलेस यांच्याबरोबर मिळाले. थोडासा उत्प्रेरक हजारो रेणूंना वळण लावतो ही नोयोरींची पद्धत, तर प्रत्येक रेणूमागे एक परांची लावायची ही मेयर्स यांची. दुसरी पद्धत महाग पडते. पण रेणू अतोनात दाट असतो तेव्हा उत्प्रेरकाला शिरायला जागा मिळत नाही, आणि तिथे परांचीच कामी येते.

गॉसिपॉल असाच दाट आहे. बंधाच्या चारही शेजारच्या जागा भरलेल्या असल्याने मिथॉक्सी काढून वलय बसवण्याची मेयर्स यांची जुनी रीत इथे थकली. त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी विलेमसेन यांनी त्यासाठी १९०१ ची उलमान जोडणी परत आणली. हॅलोजन असलेली दोन वलये तांब्याच्या भुकटीबरोबर तापवली की हॅलोजन गळून वलये एकमेकांना जुळतात. उलमानच्या काळात ती अडीचशे अंशांवर, भट्टीसारख्या उष्णतेत होई आणि कुठला हात मिळेल यावर काबू नसे. मेयर्स यांनी गॉसिपॉलच्या अर्ध्या भागावर टर्ट-ल्युसिनॉल या अमिनो अल्कोहोलपासून केलेले ऑक्झॅझोलिन बसवले. ऑक्झॅझोलिनचा नायट्रोजन तांब्याला धरतो, म्हणून जोडणीच्या क्षणी दोन अर्धे भाग तांब्याभोवती ठरावीक कोनात उभे राहतात. आलेल्या जोडीत एकाच हाताचे रेणू फार मोठ्या बहुमताने होते. मग परांची उतरवून तिच्या जागी अल्डिहाइड आणायचा, मिथॉक्सींचे हायड्रॉक्सिल करायचे आणि उजव्या गॉसिपॉलपर्यंत जायचे. हे काम १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले, सविस्तर वृत्तांत १९९८ मध्ये आला. साठ वर्षांपूर्वी अॅडम्स यांनी कागदावर काढलेला रेणू आता हव्या हाताचा बांधता येत होता. त्या रेणूतल्या दाटीपुढे त्यावेळी उपलब्ध असलेल्या बहुतेक पद्धती टेकीला आल्या असत्या, म्हणून मेयर्स यांच्या कामात हे संश्लेषण वेगळे उठून दिसते. ते २००७ मध्ये वारले.

याच १९९७ मध्ये वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या नॉर्मन लुइस यांच्या गटाने वनस्पतींमधली एक नवी तऱ्हेची प्रथिने जाहीर केली. ही प्रथिने स्वतः अभिक्रिया घडवत नाहीत. ऑक्सिडेशन करणारे विकर वेगळेच असते. ही फक्त दोन अर्ध्या रेणूंना योग्य दिशेने धरून ठेवतात, म्हणून त्यांना डिरिजंट, म्हणजे दिशा देणारी, असे नाव मिळाले. कापसात गॉसिपॉल अगदी असाच घडतो. हेमिगॉसिपॉल नावाचे दोन अर्धे भाग जोडले जातात आणि हात कुठला होईल हे डिरिजंट प्रथिन ठरवते. ब्राझीलच्या मोको कापसात असे प्रथिन जोरात काम करते आणि तिथे नव्वद टक्क्यांहून अधिक गॉसिपॉल उजवा असतो, हे टेक्सासमधल्या स्टिपानोव्हिक, बेल आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मांडले. प्रयोगशाळेत तांबे आणि ऑक्झॅझोलिन जे करतात तेच झाड प्रथिनाच्या आधारे करते. फरक इतकाच की झाडाला त्यासाठी काही तापवावे लागत नाही.

म्हणून कापसाच्या जातीजातींत हातांचे प्रमाण वेगवेगळे असते. अमेरिकी कापूस, म्हणजे गॉसिपियम हिर्सुटम, यात उजव्याचे प्रमाण डाव्याहून काहीसे जास्त असते, साधारण तीनास दोन. लांब धाग्याच्या इजिप्शियन जातीत, गॉसिपियम बार्बाडेन्समध्ये, उलट डाव्याचे प्रमाण वाढलेले दिसते. वऱ्हाडचा जुना बणी आणि जरी कापूस यांतल्या कुठल्याही कुळातला नव्हता. तो देशी, गॉसिपियम आर्बोरियम. या देशी जातीतही उजव्याचे पारडे जड असल्याचे मोजमापांत दिसले आहे. विसाव्या शतकात वऱ्हाडच्या शेतांत अमेरिकी कापूस शिरला. १९७० मध्ये गुजरातेत सी. टी. पटेल यांनी काढलेल्या एच-४ या संकरित वाणाने त्याचा पाय रोवला. १९६९ मध्ये अकोल्यात स्थापन झालेल्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने पीकेव्ही हायब्रीड-२ आणि पीकेव्ही रजत अशी वाणे दिली, आणि देशी कापसाचीही पैदास चालू ठेवली. २००२ पासून बीटी वाणे आली. प्रत्येक बदलाबरोबर बाजारात येणाऱ्या सरकीतल्या हातांचे प्रमाणही बदलत गेले असणार, कारण जात बदलली की प्रथिनही बदलते. आडतीवर मात्र भाव ठरताना पाहिली जाते ती सरकीतली ओल आणि तेलाचा उतारा.

गॉसिपॉल सरकीतून पूर्णपणे काढून टाकण्याचा पहिला प्रयत्न अमेरिकेत १९५० च्या दशकात ग्रंथीविरहित कापूस काढून झाला. त्याचे तेल आणि पीठ उत्तम होते, पण पानांतूनही विष गेल्यामुळे किडी त्यावर तुटून पडल्या. शेतकऱ्यांनी तो टिकवला नाही. २००६ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या कीर्ती राठोड यांनी दुसरी युक्ती दाखवली: गॉसिपॉल बनवणारे जनुक फक्त बियांत गप्प करायचे आणि पानांत, बोंडांत चालू ठेवायचे. अमेरिकी कृषी खात्याने २०१८ मध्ये आणि तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये या सरकीला हिरवा कंदील दिला. तिथे माणसाच्या खाण्यातल्या सरकीच्या पदार्थांत दहा लाख भागांत मुक्त गॉसिपॉलचे ४५० भाग ही कमाल मर्यादा ठरलेली आहे. दुसरीकडे, विषारी मानला गेलेला डावा हातच औषध म्हणून पुन्हा पुढे आला. शुद्ध डावा गॉसिपॉल पेशींना मरणापासून वाचवणाऱ्या बीसीएल-२ कुळातल्या प्रथिनांना अडवतो, आणि एटी-१०१ या नावाने कर्करोगावर त्याच्या चाचण्या झाल्या.

सरकीतले विष कमी करण्याची आणखी एक वाट अजून मोकळी आहे. मोको कापसातला उजव्या हाताचा गुण चांगल्या उत्पादनाच्या वाणांत संकराने आणायचा, म्हणजे कीड रोखणारा गॉसिपॉल झाडात राहील आणि कोंबडीला बाधणारा डावा हात तेवढा कमी होईल. टेक्सासमध्ये या दिशेने पैदास झालेली आहे. डिरिजंट प्रथिनांची जनुके ओळखली गेल्यापासून जनुकात नेमका फेरफार करूनही हातांचे प्रमाण बदलता येते. सरकीचा एखादा दाणा कुठल्या हाताचा आहे हे तपासायला आता फार काही लागत नाही. गराचा कणभर तुकडा, त्यावर एकहाती अमाइन, आणि द्रव स्तंभालेखनाचे यंत्र. डावा आणि उजवा गॉसिपॉल वेगवेगळ्या मिनिटाला उतरतात आणि कागदावर दोन उंचवटे उमटतात.